सोलर पंपाच्या प्लेट घासू नका, पुसा



गेल्या आठवड्यात एका सभासदांच्या शेतावर गेलो होतो. पंपाचं पाणी कमी पडतंय म्हणून त्यांनी प्लेट तारेच्या घासणीने घासल्या. धूळ गेली, पण काचेवर कायमचे ओरखडे पडले. यात काय बिघडतं ते समजून घ्या.

प्लेटमधले सेल सिलिकॉनचे असतात. गुळगुळीत सिलिकॉन आरशासारखं चमकतं आणि ३० टक्क्यांहून जास्त उजेड परत फेकतं. म्हणून कारखान्यात दोन कामं करतात. एक, सेलवर केसापेक्षाही बारीक पिरॅमिड तयार करतात. एका उतारावरून उडालेला किरण शेजारच्या उतारावर आदळतो, त्याला आत शिरायची दुसरी संधी मिळते. दोन, त्यावर सिलिकॉन नायट्राइडचा अतिशय पातळ थर देतात. सेलचा निळसर रंग त्याचाच. दोन्हींमुळे वाया जाणारा उजेड मोजक्या टक्क्यांवर येतो.

बऱ्याच प्लेटच्या काचेवरही उजेड परत जाऊ न देणारा थर असतो. घासणीने तो निघतो.

म्हणून एवढं पाळा:

१. आधी पंप बंद करा. सकाळी लवकर, प्लेट थंड असतानाच धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर ती तडकू शकते.
२. मऊ फडकं किंवा स्पंज वापरा. राख, माती, धुण्याची पावडर नको.
३. बोअरचं पाणी खारं असेल तर लगेच पुसून कोरडं करा, नाहीतर पांढरे डाग बसतात.
४. प्लेटवर पाय देऊ नका. आतल्या सेलला न दिसणारे तडे जातात.

काही अडलं तर प्लेटचा फोटो पाठवा.

– आपला कृषी सल्लागार