साहेबांच्या खुर्चीसमोर

बँकेच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये नेतृत्वाच्या वर्गाला आम्ही जायचो ते, खरं सांगायचं तर, दोन वेळच्या आयत्या जेवणासाठी. फळ्यावर त्रिकोण-चौकोन निघायचे आणि दुपारी निम्मा वर्ग डुलक्या घ्यायचा. नव्वदच्या दशकात एकदा मात्र आत शिरलो तर टेबलं भिंतीशी सरकवलेली. शिकवायला आलेले गृहस्थ नाटकवाले. म्हणाले, ''शाखेत घडलेला एखादा प्रसंग करून दाखवा.''

मी माझाच सांगितला. सप्टेंबरअखेरचं क्लोजिंग, आणि आमचे एक क्लार्क आईच्या मोतिबिंदूच्या ऑपरेशनसाठी दोन दिवस रजा मागताहेत. मी नाही म्हटलं होतं. कडक पण न्यायी साहेब, अशी माझी स्वतःबद्दलची समजूत. गृहस्थांनी मला क्लार्क केलं आणि दुसऱ्या एका मॅनेजरना माझ्या खुर्चीत बसवलं.

ते मान खाली घालून व्हाउचरवर सह्या करत राहिले. मीच तसं सांगितलं होतं ना! ''साहेब...'' म्हणून मी थांबलो आणि पुढचं वाक्य काही निघेना. सगळं खोटं खोटं, तरी तळहाताला घाम. 'यांच्या तोंडाला कोण लागणार' म्हणणाऱ्या माझ्या बायकोनं तेव्हा बघायला हवं होतं.

अशी भूमिकांची अदलाबदल मनोविकारतज्ज्ञ जेकब मोरेनो उपचारांत वापरत. पुढची गंमत ब्राझीलच्या अगुस्तो बोआल यांची. पेरूमध्ये त्यांच्या नाटकाच्या वेळी एक बाई नटीला 'असं नाही, असं नाही' सांगून थकली, तेव्हा त्यांनी तिलाच मंचावर बोलावलं. तेव्हापासून प्रेक्षकानं खेळ थांबवायचा, पात्राची जागा घ्यायची आणि वेगळं करून पाहायचं.

आमच्याकडेही मागच्या रांगेतल्या एका तरुण अधिकारी बाईंनी ''थांबा'' म्हटलं. त्या साहेबांच्या खुर्चीत बसल्या. पेनाला टोपण घातलं. ''बसा,'' म्हणाल्या. ''माणसं कमी आहेत, एकच दिवस देता येईल. ऑपरेशनला पुरेल?'' रजा निम्मीच मिळाली, पण बोलणं बसून झालं.

अलीकडे कंपन्यांतून अशा कार्यशाळा पुष्कळ होतात. आवाज कसा लावावा, उभं कसं राहावं, यावरच बऱ्याचदा भर असतो. त्यानं साहेब अधिक रुबाबदार दिसत असतील! बोआल यांनी १९७१ मध्ये लष्करी राजवटीचा तुरुंग पाहिला होता. १९७४ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं ते शोषितांच्या रंगभूमीवर. खुर्चीसमोर उभ्या असलेल्या माणसाचा हा खेळ आम्ही खुर्चीवाल्यांनी उचलला आणि त्याला मात्र बाहेरच ठेवलं. आमच्या त्या वर्गातही सगळे अधिकारीच होते. क्लार्क मी झालो, तोही अंदाजानं.

शाखेत परतल्यावर त्यांना बोलावून आईच्या डोळ्याचं विचारलं.

''झालं साहेब. मेव्हण्यांनी नेलं.''

''बसा ना,'' मी म्हटलं.

''नको साहेब, काउंटरवर गर्दी आहे.''

मी काचेतून पाहिलं. काउंटरवर कुणीच नव्हतं.