विश्लेषण : जुना व्हिडीओ गेम फुकटात डाउनलोड केला, तर तो गुन्हा ठरतो का?

'रोड रॅश', 'आयजीआय', 'व्हाइस सिटी', 'क्रिकेट ०७'... यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रसच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून हे गेम खेळलेली मुले आता पस्तिशी-चाळिशीत आहेत. आता त्यांच्या हातातल्या मोबाइलमध्ये त्या काळच्या कॅफेतल्या संगणकापेक्षा जास्त ताकद आहे. गेमचे नाव टाकून पुढे 'फ्री डाउनलोड' लिहिले की शेकडो दुवे समोर येतात. गेम वीस-पंचवीस वर्षांचा, दुकानात मिळत नाही, कंपनीलाही त्याचे सोयरसुतक नाही. मग तो उतरवून घेतला तर बिघडले कुठे? कायद्याचे उत्तर बरेच स्पष्ट आहे. नैतिकतेचे मात्र तेवढे सरळ नाही.

भारतीय कायदा काय म्हणतो?

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणक प्रोग्राम ही 'साहित्यकृती' आहे. म्हणजे कादंबरीला जे संरक्षण, तेच गेमच्या कोडला. त्यातली चित्रे, संगीत आणि पडद्यावर हलणारी दृश्ये यांचे हक्क आणखी वेगळे. साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, तर चित्रपटाचा प्रकाशनानंतर ६० वर्षे. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा फक्त दृश्यभाग चित्रपटासारखा धरला, तरी त्याची मुदत २०४५ अखेर संपते. घराघरात पोहोचलेला पहिला गेम म्हणून ओळखला जाणारा 'पाँग' १९७२ चा. थोडक्यात, केवळ जुना झाला म्हणून कॉपीराइटमधून मोकळा झालेला एकही नामवंत गेम आज नाही. परदेशी गेमलाही आंतरराष्ट्रीय करारांमुळे इथे तेच संरक्षण मिळते.

'पण मी विकत थोडाच आहे, स्वतःपुरताच खेळतो,' हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. पुस्तक, गाणे किंवा चित्र यांच्या बाबतीत तो काही प्रमाणात चालतो. कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठी 'रास्त व्यवहारा'ची सवलत आहे. मात्र त्याच वाक्यात संगणक प्रोग्राम स्पष्ट शब्दांत वगळले आहेत. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

शिक्षा किती?

बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरणाऱ्यासाठी कलम ६३-ब आहे. किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकते. आपण संगणकावर नाही, मोबाइलवर खेळतो, अशी पळवाटही नाही. कायद्याच्या व्याख्येत माहितीवर प्रक्रिया करणारे कोणतेही इलेक्ट्रॉनिक उपकरण 'संगणक' ठरते.

प्रत्यक्षात घरी बसून 'कॉन्ट्रा' खेळणाऱ्याच्या दारात पोलीस येत नाहीत. कारवाईचा रोख धंदा करणाऱ्यांवर असतो. २०१२ मध्ये सोनीने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली, ती प्लेस्टेशनमध्ये फेरफार करून नकली गेम चालवून देणाऱ्यांविरुद्ध. पेन ड्राइव्हमध्ये किंवा मोबाइलमध्ये पैसे घेऊन गेम भरून देणाऱ्या दुकानदाराने म्हणूनच जास्त सावध राहायला हवे. कलम ६३ खालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला आहे. शिवाय फौजदाराला नकली प्रती वॉरंटशिवाय जप्त करता येतात. महाराष्ट्रात 'एमपीडीए' कायद्याच्या लांबलचक नावात 'व्हिडीओ पायरट' हा शब्दही आहे. तो चित्रपट आणि ध्वनिमुद्रणाच्या चाचेगिरीसाठी घातला गेला. पण या धंद्याकडे सरकार कोणत्या नजरेने पाहते, ते त्यावरून कळते.

'अ‍ॅबँडनवेअर' म्हणजे काय?

मालकाने विकणे, सांभाळणे सोडून दिलेल्या सॉफ्टवेअरला इंटरनेटवर हे नाव पडले. कायद्याला मात्र असा कोणताही वर्ग मान्य नाही. यवतमाळकरांना हे समजायला 'शकुंतला' पुरेशी आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज मार्गाची मालकी स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके एका खासगी कंपनीकडेच होती आणि गाडी चालवणाऱ्या रेल्वेला त्या कंपनीला मोबदला द्यावा लागत होता. गाडी थांबली म्हणून रूळ उचलून घरी नेण्याचा हक्क कोणाला मिळाला नाही. गेमचेही तसेच. फरक एकच, पण मोठा : रूळ उचलला तर मालकाकडचा रूळ कमी होतो. गेमची प्रत काढल्याने मालकाकडचे काहीच कमी होत नाही. कमी होते ती विक्री, आणि विक्रीच बंद असेल तर तीही नाही. नैतिकतेचा सगळा वाद या फटीत अडकला आहे.

सगळे जुने गेम एकाच मापाने मोजायचे का?

तसे करणे चुकीचे ठरेल. 'व्हाइस सिटी' २००२ चा, पण त्याची नवी आवृत्ती २०२१ मध्ये बाजारात आली. त्या वेळी रॉकस्टारने मूळ आवृत्ती विक्रीतून काढून घेतली आणि खेळाडूंनी ओरड केल्यावर पुन्हा आपल्या दुकानात ठेवली. ज्याचे पैसे आजही मागितले जातात तो गेम फुकटात उतरवून 'जुना आहे हो' म्हणणे ही शुद्ध पळवाट आहे.

'क्रिकेट ०७'ची गोष्ट वेगळी. ईए स्पोर्ट्सने २००६ च्या अखेरीस तो आणला आणि त्यानंतर क्रिकेट मालिकाच बंद केली. आज तो कोणत्याही अधिकृत डिजिटल दुकानात मिळत नाही. तरीही तो भारतात जिवंत आहे, कारण चाहते स्वतःच्या वेळेत नवे संघ, नव्या जर्सी, नवी मैदाने तयार करून त्यात घालत राहिले. पैसे द्यायची तयारी असलेल्याने ते कोणाला द्यायचे? इथे कायदा मोडतो हे खरे. पण नुकसान कोणाचे होते, हे बोट ठेवून दाखवणे कठीण आहे.

तिसरा प्रकार सर्वांत दुर्लक्षित, आणि तो आपल्या घरचा आहे. मुंबईतली 'इंडियागेम्स' १९९९ मध्ये सुरू झाली. बटणांच्या जावा मोबाइलवर तिचे गेम गावोगावी खेळले गेले. पुढे डिस्नेने ती घेतली आणि काही वर्षांत भारतातला गेमचा व्यवसाय गुंडाळला. ते गेम ज्या मोबाइल कंपन्यांच्या पोर्टलवरून दहा-वीस रुपयांत मिळत, ती पोर्टलही गेली. मराठी माणसांच्या एका पिढीने बसस्टँडवर वेळ घालवताना खेळलेले हे गेम आज कुणाच्या जुन्या मेमरी कार्डात असतील तेवढेच. त्यांची प्रत जपून ठेवणाऱ्याला चोर म्हणणे जिवावर येते.

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेत 'व्हिडीओ गेम हिस्टरी फाउंडेशन'ने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा २०१० पूर्वी तिथे आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम बाजारात उपलब्धच नव्हते. संशोधकांना ग्रंथालयातून असे गेम दुरून वापरू द्यावेत, ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली.

एम्युलेटर वापरणेही बेकायदा आहे का?

नाही. इथे बहुतेकांची गफलत होते. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात अमेरिकी न्यायालयाने २००० मध्येच असा प्रोग्राम बनवण्याची बाजू उचलून धरली. प्रोग्राम एकमेकांशी जुळवण्यासाठी त्यांचा अभ्यास करण्याची मुभा भारतीय कायद्यातही आहे. अ‍ॅपलने एप्रिल २०२४ मध्ये आयफोनवर गेमचे एम्युलेटर येऊ दिले. डबा कायदेशीर, प्रश्न आत भरलेल्या मालाचा. त्या मालाला 'रॉम' म्हणतात आणि तो वाटणाऱ्या संकेतस्थळांवर निन्टेंडो तुटून पडते. २०१८ मध्ये अशाच एका संकेतस्थळाच्या चालकांवर सुमारे १ कोटी २२ लाख डॉलरचा निवाडा झाला. त्याच वर्षी 'एम्युपॅराडाइज'ने १८ वर्षांनंतर रॉम देणे थांबवले. (आपल्याकडे 'मारिओ'ची ओळख झाली ती '९९९९ इन वन' छापाच्या नकली कॅसेटमधून, हे निन्टेंडोला न सांगितलेलेच बरे.)

मग सरळ मार्ग कोणते?

काही मालकांनी आपणहून दार उघडले आहे. गेमलॉफ्टने २०२० मध्ये जावा मोबाइलच्या काळातले ३० गेम अँड्रॉइडवर फुकट दिले. 'डूम'चे कोड १९९७ पासून खुले आहे. मात्र त्यातली चित्रे आणि नकाशे नाहीत, हे लक्षात ठेवावे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या निर्मात्याने १९८९ चे मूळ कोड २०१२ मध्ये सर्वांसमोर ठेवले. 'गॉग'सारख्या दुकानात अनेक जुने गेम आजच्या संगणकावर चालतील असे करून विकले जातात; सवलतीच्या दिवसांत किंमत वडापावच्या दोन-चार प्लेटइतकी खाली येते. अनोळखी संकेतस्थळावरची 'व्हाइस सिटी एपीके' मात्र गेमऐवजी बँकेचे ओटीपी वाचणारा प्रोग्राम निघू शकते. तिथे कॉपीराइटची चिंता दुय्यम ठरते.

मूळ सीडी कपाटात पडून असेल, तर कायदा मालकाच्या बाजूने आहे. प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे जवळ असणाऱ्याला ती हरवू किंवा खराब होऊ नये म्हणून बॅकअप काढता येतो. सीडीला कुलूप असेल तर कलम ६५-अ आडवे येऊ शकते. पण ते लागते कॉपीराइट मोडण्याच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला. दुसऱ्यासाठी हे काम करून देणाऱ्याने त्या माणसाच्या नाव-पत्त्याची पूर्ण नोंद ठेवावी, अशी अटही त्यात आहे. गिऱ्हाइकाची सीडी कॉपी करून देण्याआधी असे रजिस्टर किती दुकानांत उघडले जाते, हा प्रश्न वेगळा. सीडी मात्र दरवर्षी थोडी थोडी खराब होत असते, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात जरा लवकरच.