रिकामी राहावीत म्हणून बांधलेली धरणं

आपल्याकडे धरण भरलं की जलपूजन होतं, ओटी भरली जाते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डेटन शहराच्या परिसरात, अशी पाच मातीची धरणं आहेत जी एरवी कोरडी असतात आणि तशीच असायला हवीत.

मार्च 1913 मध्ये, ईस्टरच्या सुमारास, ग्रेट मियामी नदीचे तटबंध फुटले. डेटनच्या भर बाजारपेठेत 20 फुटांपर्यंत पाणी चढलं, खोऱ्यात साडेतीनशेहून अधिक माणसं गेली. राइट बंधू याच गावचे. त्यांच्या पहिल्या उड्डाणाच्या छायाचित्राची काचेची निगेटिव्ह या पुरात भिजली आणि तिचा एक कोपरा कायमचा गेला.

पुन्हा असा पूर येऊ नये म्हणून लोकांनीच वर्गणीचे वीस लाख डॉलर उभे केले. अभियंता आर्थर मॉर्गन यांच्या देखरेखीखाली 1922 पर्यंत पाचही धरणं उभी राहिली. एकालाही दरवाजा नाही! पायथ्याशी काँक्रीटचे उघडे बोगदे आहेत, तेही खालच्या शहरांतलं नदीपात्र जेवढं पाणी पेलेल तेवढ्याच मापाचे. पूर आला की जादा पाणी मागे तुंबतं आणि सावकाश निचरून जातं. किती क्युसेक सोडायचे, हे मध्यरात्री कुणाला ठरवावं लागत नाही. या रचनेचं खरं मोठेपण मला यातच दिसतं.

बोगद्यातून सुसाट सुटणारं पाणी मात्र तळ खरवडू शकतं. त्यावरचा उपाय आपल्या मोरीतही दिसतो. नळाची धार फरशीवर पडते तिथे पाणी पातळ, वेगवान पसरतं आणि थोड्या अंतरावर एकदम जाड होऊन संथावतं. हीच ‘हायड्रॉलिक जंप’. बोगद्यांच्या तोंडाशी पायऱ्या आणि आडभिंती बांधून मॉर्गननी ती मुद्दाम घडवली. पाण्याचा जोर तिथल्या खळबळाटातच जिरतो.

याला किंमतही पडली. ऑसबॉर्न गाव बुडीत क्षेत्रात आलं. घरंच्या घरं उचलून दुसरीकडे नेली. शिवाय पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्यासाठी बांधलेली आपली धरणं अशी रिकामी ठेवता येणार नाहीत, हेही खरंच. पण पुराला जागा हवी आणि ती आधीच राखून ठेवावी लागते, हे डेटनकरांनी मान्य केलं.

त्या राखीव जागांत आज शेती होते, उद्यानं आहेत, लोक पायवाटांनी फिरतात. हफमन धरणामागे तर एक गवताळ माळ आहे. 1904-05 मध्ये राइट बंधू तिथेच विमान वळवायला शिकले. बुडीत क्षेत्रात असल्यामुळे त्यावर इमारती उठल्या नाहीत; तो माळ आजही पाहता येतो.