चांदबीबी तिथं कधी राहिलीच नाही

दिवाळी सरत आली की शिरूर कासारच्या आसपासच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पाथर्डी मागे पडते, गाड्या करंजीचा घाट ओलांडतात आणि नगर जवळ येऊ लागलं की डोंगराच्या टोकावर एक काळी अष्टकोनी इमारत एकटीच उभी दिसते. ट्रॉलीतल्या पोराला कुणीतरी सांगतंच, "त्यो बघ, चांदबीबीचा महाल." नगर आल्याची ती खूण.

महाल म्हणायचं, पण तिथं राहण्याची एक खोली नाही, चूल नाही, हमामखाना नाही. आहे ती सलाबतखान दुसरा याची कबर. मुर्तजा निजामशहाच्या कारकिर्दीत 1580च्या दशकात हा त्याचा वजीर होता. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीच्या शहा डोंगरावर त्यानं आपल्या हयातीतच ही वास्तू बांधायला घेतली. तीन मजले, साधारण 70 फूट उंची, वर घुमट, भोवती कमानींची रुंद ओवरी. जिना भिंतीच्या जाडीतूनच वर चढतो. वरच्या मजल्यांवर गिलावा नाही. काम अर्धवट राहिल्यासारखं दिसतं. कबरी तळघरात आहेत. उगवत्या-मावळत्या सूर्याची तिरीप तिथवर पोचावी असे झरोके ठेवलेत, असं सांगतात.

काम अपुरं दिसलं की लोक गोष्ट पुरी करतात. खानाला म्हणे इतका उंच मनोरा हवा होता, की वरून दौलताबाद दिसावा. मग राणी चांदबीबीनं इथून मोगलांच्या फौजा पाहिल्या, भुयार थेट नगरच्या किल्ल्यात निघतं, वगैरे. चांदबीबीचा मोठा लढा खराच. 1595-96 मध्ये तिनं मोगल शहजादा मुरादच्या फौजेपुढे नगरचा किल्ला राखला आणि 1600 मध्ये ती स्वकीयांकडूनच मारली गेली. मात्र तो सगळा पराक्रम किल्ल्याच्या तटावरचा. या डोंगराशी तिचा संबंध एवढाच, की लोकांना वजिरापेक्षा राणी आवडली. मला यात लोकांची चूक वाटत नाही. वजिराच्या नावानं पोराला काय सांगणार?

खरं तर सांगण्यासारखं होतं. सलाबतखान हा पाण्याचा माणूस. याच डोंगराजवळचा भातोडीचा तलाव त्याच्या नावावर आहे. पुढे 1624 मध्ये निजामशाहीच्या मलिक अंबरानं त्याचा बांध फोडून मोगल-आदिलशाही छावणीत चिखल केला, तो हाच. आमच्या बाजूला, बीडजवळची खजाना विहीरही त्याच्याच काळातली, 1582च्या सुमाराची. राजा भास्कर या स्थापत्यकारानं ती केली, अशी परंपरा आहे. उताराचा नेमका अंदाज घेऊन जमिनीखालच्या नहरांतून पाणी विहिरीत आणलं आणि पुढं शेतांकडं सोडलं. मोट नाही, बैल नाही. बीडच्या कोरड्या मुलखात यापेक्षा मोठा महाल कोणता? सगळा खजिना तिच्यात ओतला म्हणून ते नाव, असं लोक म्हणतात. म्हणजे तिथंही खानाचं नाव नाहीच.

त्याचा शेवट तर गोष्टीत घालावा असा. लहरीपणामुळे मुर्तजाला 'दिवाणा' म्हणत. एके दिवशी त्यानं याच वजिराला कैद करण्याचा हुकूम काढला. साथीदार म्हणाले, ऐकू नका, फौज आपल्याकडे आहे. इतिहासकार फिरिश्ता लिहितो, की खान स्वतःहून कैदेत गेला. 1588 मध्ये मुर्तजाला त्याच्या मुलानंच हमामात कोंडून मारलं. पुढच्या वर्षी खानही गेला.

आता सुटीच्या दिवशी नगरची पोरं मोटारसायकली घेऊन वर येतात, भिंतीवर बदाम कोरतात, संध्याकाळी गार वाऱ्यात बसतात. तळघराकडं फारसं कुणी फिरकत नाही. पूर्वेला गर्भगिरीचे डोंगर दिसतात, त्यांच्या पलीकडं आमचा मुलूख, सिंदफणेचं पात्र. स्वच्छ आभाळ बघून मीही वर जाऊन उत्तरेकडं बराच वेळ डोळे ताणले होते. दौलताबाद काही दिसला नाही.