आधी जंगल, मग घाम

साउनाचं नाव काढलं की एक प्रश्न हमखास मनात येतो आणि तो विचारायला सगळेच लाजतात. म्हणून आधी तोच घेऊ. कपडे काढावे लागतात का? हो, फिनलंडमधल्या पारंपरिक साउनात काढावे लागतात. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, किंवा मग घरचेच सगळे एकत्र. लगेच पान उलटू नका. या प्रश्नाकडे आपण परत येणार आहोत, पण त्याआधी थोडं चालायचंय. साधारण चार किलोमीटर.

उच्चारही आत्ताच सुधारून घेऊ. आपण ‘सॉना’ म्हणतो. फिनिश माणूस ‘साउना’ म्हणतो, तोंड भरून. आणि हॉटेलातल्या किंवा जिममधल्या काचेच्या दाराची ती चकचकीत खोली पाहिली असेल, तर ती डोक्यातून काढून टाका.

हेलसिंकीला जाणाऱ्या पर्यटकांना हल्ली अर्ध्या दिवसाची एक सहल सुचवली जाते. गाइडबरोबर जंगलात हाइक आणि नंतर लाकडावर तापवलेला साउना. जंगल म्हणजे बहुतेकदा नूक्सिओ. राजधानीपासून साधारण ३५ किलोमीटरवर असलेलं हे जंगल १९९४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. एस्पोपर्यंत ट्रेन, तिथून बस, आणि उतरलात की समोर जंगल. तिकीटखिडकी नाही, प्रवेश फी नाही. फिनलंडमध्ये अशी ४१ राष्ट्रीय उद्यानं आहेत आणि सगळीकडे प्रवेश फुकट.

इथली एक लोकप्रिय वाट म्हणजे ‘हाउकानकिएरोस’, अर्थात ससाण्याची फेरी. चार किलोमीटरचा गोल. हरिश्चंद्रगड केलेल्यांना तिथल्या चढाचं हसू येईल, पण चढ हा इथला मुद्दाच नाही. हिमयुगात बर्फाने घासून गुळगुळीत केलेले खडक, त्यावर पाय रुतेल अशी शेवाळाची गादी, उंच सरळसोट पाइन आणि मध्येच काळ्याशार पाण्याचं तळं. दलदलीवर दोन-दोन फळ्या लांबच लांब टाकलेल्या असतात. त्यावरून एकामागून एक चालायचं. शेजारी चालता येत नाही, त्यामुळे गप्पा आपोआप थांबतात.

मग गाइड कशाला? खुणा केलेली वाट आहे, हरवायची भीती नाही. खरं सांगायचं तर गाइडचं मुख्य काम तुम्हाला थांबवणं हे आहे. आपली ट्रेकची सवय म्हणजे टॉप गाठायचा, ग्रुप फोटो काढायचा, खाली उतरून मिसळ खायची. इथे दर दहा मिनिटांनी कुणीतरी खाली वाकून काहीतरी दाखवतं. ही ‘मुस्तिक्का’, रानटी ब्लूबेरी, खाल्ली की जीभ जांभळी. ही लाल आणि आंबट ‘पुओलुक्का’, ती सप्टेंबरमध्ये. हे पिवळं मश्रूम चालतं. ते लाल, पांढऱ्या ठिपक्यांचं, गोष्टीच्या पुस्तकातलं, ते विषारी. उद्यानाच्या बोधचिन्हावरची उडती खार मात्र दिसेल अशी आशा धरू नका, ती रात्रीची असते. फिनलंडमध्ये जंगलवाटाड्या होण्यासाठी रीतसर व्यवसाय शिक्षणाचा कोर्स असतो. करिअरचे पर्याय शोधणाऱ्यांनी नोंद घ्या!

फळं तोडली तर कुणी ओरडणार नाही का? नाही. तिथे ‘प्रत्येकाचा हक्क’ नावाची एक भारी गोष्ट आहे. जंगल कुणाच्याही मालकीचं असो, त्यातून चालायला, रानफळं आणि मश्रूम गोळा करायला, रात्रीपुरता तंबू टाकायला परवानगी लागत नाही. फक्त कुणाच्या घराच्या अंगणात घुसायचं नाही, झाडाची हिरवी फांदी तोडायची नाही आणि परक्याच्या जमिनीवर विचारल्याशिवाय शेकोटी पेटवायची नाही. देशाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग जंगल आहे, त्यामुळे हा हक्क कागदावरचा राहत नाही. (आपल्या गडांवर ब्लूटूथ स्पीकर घेऊन जाणाऱ्या मंडळींना हा हक्क दिला तर काय होईल, या विचाराने मला थोडा घाम फुटला. साउनाशिवाय.)

तुम्ही चालत असता तेव्हा तिकडे साउना तापत असतो. हाइक आणि साउना ही जोडी कुण्या टूर कंपनीच्या डोक्यातून आलेली नाही, याचं कारण इथे आहे. लाकडाचा साउना बटण दाबून सुरू होत नाही. साध्या चिमणीवाल्याला तास-दोन तास लागतात. सगळ्यात जुना प्रकार म्हणजे ‘सावूसाउना’, धुराचा साउना. याला चिमणीच नसते. दगडांच्या मोठ्या ढिगाखाली कित्येक तास लाकूड जाळायचं, धूर खोलीभर कोंडतो आणि दारातून, झरोक्यातून बाहेर पडतो. भिंती काजळीने काळ्या कुळकुळीत. मग आग पूर्ण विझवायची, निखारे काढायचे, विषारी वायू जाऊ द्यायचा आणि त्यानंतरच माणसांनी आत जायचं. पुढचे काही तास ते दगड साठवलेली उष्णता हळूहळू सोडत राहतात. लाकूड फोडणं, तळ्यावरून पाणी आणणं, बर्चच्या डहाळ्या बांधणं, अधूनमधून जंगलात फेरी मारून येणं, ही सगळी साउनाचीच पूर्वतयारी. सुमारे पाच लाख फिनिश उन्हाळी घरांपैकी बहुतेकांची शनिवार संध्याकाळ अशीच जाते.

५५ लाखांच्या या देशात साउना सुमारे ३३ लाख आहेत. फ्लॅटमध्ये, ऑफिसात, अगदी संसदेच्या इमारतीतसुद्धा. पूर्वी बायका बाळंत व्हायच्या त्या साउनातच, कारण ती घरातली सगळ्यात स्वच्छ आणि ऊबदार जागा. माणूस गेला की त्याला शेवटची अंघोळही तिथेच. आपल्याकडच्या बाळंतिणीच्या शेक-शेगडीची आठवण झाली ना? मलाही झाली. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने फिनलंडच्या साउना संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा एखाद्या इमारतीला नाही, तर या वापराला मान मिळाला.

आता आत जाऊ. आधी शॉवर, मग बसायला छोटा टॉवेल. लाकडी बाक पायऱ्यांसारखे एकावर एक असतात. गरम हवा वर जाते, म्हणून जितकं वर बसाल तितकं गरम. पहिल्यांदा जाताय तर खालच्या बाकावर बसा, त्यात कसलाही कमीपणा नाही. तापमान ८० ते १०० अंश. आकडा वाचून धडकी भरते, पण हवा कोरडी असते आणि हवेतून उष्णता अंगाला सावकाश लागते. शिवाय घाम सुकताना गारवा देत असतो. खरी गंमत दगडांवर लाकडी पळीने पाणी टाकल्यावर सुरू होते. चर्रर्र आवाज येतो, क्षणभर काहीच होत नाही आणि मग अदृश्य वाफेची एक लाट छताकडून खाली येऊन खांद्यांवर, कानांवर बसते. या वाफेला ‘लोयलू’ म्हणतात (ओठांचा चंबू केल्याशिवाय नीट उच्चार जमत नाही). या शब्दाचा मूळ अर्थ श्वास, प्राण. हंगेरियन ही फिनिशची दूरची नातलग भाषा. तिच्यात याच मुळातून आलेला शब्द आहे ‘लेलेक’, आणि त्याचा अर्थ आत्मा.

बर्चच्या पानांसकट डहाळ्यांची जुडी घेऊन लोक स्वतःला हलके फटके मारतात. पश्चिमेकडे तिला ‘विहता’ म्हणतात, पूर्वेकडे ‘वास्ता’, आणि कोणतं नाव बरोबर यावर फिनिश लोक आनंदाने भांडतात. लागत नाही. रक्ताभिसरण वाढतं म्हणतात. मला विचाराल तर पावसात भिजलेल्या झाडाचा तो वास हेच पुरेसं कारण आहे. मग बाहेर पडून थेट तळ्यात उडी. हिवाळ्यात तळ्याच्या बर्फाला भोक पाडून. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. घड्याळ लावायचं नाही, नकोसं झालं की उठायचं.

वासावरून मी खात्रीने बोलतेय ते माझ्या मावसबहिणीच्या भरवशावर. ती एस्पोत शिकते. तिच्या परवानगीने लिहितेय, पण नावाशिवाय, कारण मावशी हे पान वाचते. तिच्या विद्यार्थी वसतिगृहात तळघरात साउना आहे आणि मुलींची पाळी लावलेली असते. पहिली पाच-सहा महिने ती गेलीच नाही. मग विभागातल्या लोकांबरोबर नूक्सिओची हाइक ठरली आणि नंतर साउना. बायकांच्या पाळीला ती स्विमसूट घालून गेली. कुणीतरी सौम्यपणे सांगितलं की आत तो चालत नाही, तलावातलं क्लोरीन कापडात राहतं आणि उष्णतेत त्याचा त्रास होतो. मग ती टॉवेल गुंडाळून खालच्या बाकावर बसली. पुढे काय झालं? काहीच नाही. कुणी पाहिलं नाही, कुणी समजावलं नाही, ‘कम्फर्टेबल आहेस ना’ असं दहादा विचारलं नाही.

“पाहत मीच होते,” ती मला व्हिडिओ कॉलवर म्हणाली. “साठीच्या एक बाई होत्या, पोटावर ऑपरेशनचा आडवा व्रण. एकीचं सिझेरियन झालेलं. एक माझ्याएवढी, मांड्यांवर माझ्यासारख्याच पांढऱ्या रेषा. मला वाटायचं त्या फक्त मलाच आहेत.” थोडं थांबून म्हणाली, “चोवीस वर्षांची झाले, पण आरशातलं सोडून खरं शरीर मी कधी बघितलंच नव्हतं गं. सगळी फोनवरचीच.”

हे ऐकल्यावर मी बराच वेळ गप्प होते. आपण कपडे बदलताना दाराला दोन कड्या लावणाऱ्या घरांत वाढतो आणि दिवसाला शेकडो फिल्टर लावलेली शरीरं स्क्रोल करतो. तुलना कशाशी करतो आपण? साउनात नागडेपणा लैंगिक नसतो, हे वाक्य प्रत्येक माहितीपत्रकात सापडेल. पण ते कळायला कुणाचा तरी व्रण दिसावा लागतो बहुतेक.

माझ्या मते टूरवाल्यांच्या मिक्स साउनात, जिथे सगळे स्विमसूटमध्ये असतात, हा भाग निसटतो. लाजाळू पाहुण्यांसाठी ती सोय चांगली आहे आणि तिथून सुरुवात करायला काहीच हरकत नाही. टॉवेल ठेवायचा असेल तर ठेवा, तो तुमचा निर्णय. पण एखाद्या दिवशी हेलसिंकीतल्या कोतिहार्यू साउनात जा. १९२८ पासून चालू आहे, आजही लाकडावर तापतो आणि थंडीच्या दिवसांतही लोक टॉवेल गुंडाळून बाहेर रस्त्यावर बसलेले असतात.

कपड्यांबरोबर हुद्दाही बाहेर राहतो, असं तिथे मानतात. राष्ट्राध्यक्ष उर्हो केक्कोनेन यांनी १९६० मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना आपल्या निवासस्थानच्या साउनात नेलं होतं, ती गोष्ट फिनलंडमध्ये अजून चवीने सांगितली जाते. दोघांपैकी कुणाच्याच छातीवर तेव्हा पदकं नव्हती!

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या, विशेषतः ‘चॅलेंज’ शब्द ऐकून हात शिवशिवणाऱ्या मुलांनी. हेइनोला गावात १९९९ पासून जागतिक साउना स्पर्धा भरायची. ११० अंश, दर अर्ध्या मिनिटाला दगडांवर पाणी, शेवटपर्यंत बसेल तो जिंकला. २०१० च्या अंतिम फेरीत एका स्पर्धकाचा मृत्यू झाला आणि स्पर्धा कायमची बंद पडली. चक्कर येतेय असं वाटलं की उठायचं. दारू पिऊन आत जायचं नाही. बाहेर आल्यावर भरपूर पाणी प्यायचं. हृदयाचा, रक्तदाबाचा त्रास असेल किंवा गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. साउनाने आयुष्य वाढतं, असे रील तुम्ही पाहिले असतील. त्यामागे २०१५ चा एक अभ्यास आहे. पूर्व फिनलंडमधल्या सुमारे २३०० मध्यमवयीन पुरुषांवर वीसेक वर्षं लक्ष ठेवलं गेलं. आठवड्यात चार ते सात वेळा साउना घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने अचानक मृत्यू कमी दिसले. पण साउनामुळेच ते कमी झाले, की मुळात धडधाकट माणसंच जास्त साउना घेतात, हे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. तर रील पाहून ऑनलाइन ‘साउना ब्लँकेट’ मागवायच्या आधी जरा थांबा.

जाणार असाल तर ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर बघा. डास कमी, बेरी भरपूर, पाणी अजून अंगावर घेण्याजोगं. गवतात गोचिड्या असतात, तेव्हा फुल पँट घाला आणि मोज्यात खोचा. फोटोत गबाळं दिसेल, दिसू द्या.

फोटोवरून आठवलं. या लेखासाठी मी बहिणीकडे साउनाच्या आतला एखादा फोटो मागितला होता. तिने जंगलातले एकोणीस फोटो पाठवले, त्यातले सहा नुसत्या शेवाळाचे. आतला एकही नाही. फोन आत न्यायचा नसतो आणि न्यायचा म्हटलं तरी ९० अंशात तो टिकणार नाही.