यंत्राचे दात कोणी पाहावेत?

स्वच्छ ऊर्जेची चर्चा आजकाल दोन ठिकाणी ऐकू येते. एक, मोठ्या शहरांतील परिषदांमध्ये. तेथे शोध लावणारे, भांडवल पुरवणारे आणि धोरण ठरवणारे लोक एकत्र येतात, आपापली यंत्रे मांडतात आणि ओळखी करून घेतात. दुसरे ठिकाण म्हणजे आपल्याकडचे पार, बाजार आणि सोसायटीची कचेरी. तेथे विजेचे बिल, पंपाची वेळ आणि गॅसच्या टाकीचा भाव यांची चर्चा चालते. विषय एकच, परंतु पहिल्या ठिकाणचा माणूस दुसऱ्या ठिकाणी सहसा दिसत नाही आणि दुसऱ्या ठिकाणचा पहिल्या ठिकाणी पोहोचत नाही. या दोघांची गाठ कोठे पडावी, आणि ती न पडल्याने काय बिघडते, याचा विचार सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांपुरता येथे करावा, असा आमचा हेतू आहे.

प्रथम आपल्यापाशी काय आहे ते पाहू. या दोन जिल्ह्यांत ऊर्जेचा तुटवडा आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल. कोयनेची वीज १९६२ साली सुरू झाली. पुढे टप्प्याटप्प्याने वाढत जाऊन तिची एकूण क्षमता १,९६० मेगावॅटपर्यंत गेली. पाटण तालुक्यातील वनकुसवडे आणि साताऱ्याजवळील चाळकेवाडी यांच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. सांगली जिल्ह्यात ढालगावच्या माळावरही त्या दिसतात. कृष्णाकाठी साखर कारखाने आहेत. एक टन ऊस गाळला की सुमारे पावटनाहून थोडी अधिक चिपाडे मागे राहतात आणि ती जाळून वीज काढता येते. राहिला सूर्य. माण, खटाव, आटपाडी आणि जत या तालुक्यांत त्याची कमतरता कधीच नव्हती!

मग अडते कोठे? एक साधा हिशेब मांडून पाहू. शिवाजीसागरातील एक हजार लिटर पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिमेला पावणेपाचशे मीटर खाली उतरते, तेव्हा ते सुमारे एक युनिटाहून थोडी अधिक वीज देते. आता उलट बाजू पाहा. तेवढेच पाणी पूर्वेकडील दुष्काळी भागासाठी शंभर मीटर वर चढवायचे असेल, तर पंपातील आणि नळातील घट धरून अर्ध्या युनिटाहून थोडी अधिक वीज लागते. हे फारसे वाटत नाही. परंतु एक एकर रानाला दोन इंच पाण्याची एक पाळी द्यायची म्हणजे दोन लाख लिटर पाणी लागते. ते शंभर मीटर चढवायला सुमारे ११० युनिटे खर्ची पडतात. आणि ही झाली केवळ एका एकराची एक पाळी. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजनांचे पंप थकलेल्या वीजबिलांपायी बंद पडल्याच्या बातम्या या भागाने अनेकदा वाचल्या आहेत. त्या बातम्यांचे मूळ या अंकगणितात आहे. दुष्काळी भागात पाण्याचा प्रश्न हा अखेर ऊर्जेचा प्रश्न होतो तो असा.

तेव्हा स्वस्त आणि स्वच्छ ऊर्जेचा शोध ही येथे हौसेची बाब नाही. आणि असे शोध लावणारी माणसेही दूर नाहीत. सातारा जिल्ह्यातच, फलटणला, बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली एक कृषी संशोधन संस्था काढली. १९८१ साली डॉ. अनिल राजवंशी अमेरिकेतील शिक्षण आणि अध्यापन सोडून त्या संस्थेत आले आणि त्यांनी ऊर्जेचे काम हाती घेतले. गोड ज्वारी हा त्यांतला एक विषय. या ज्वारीचे कणीस खायला, ताटाचा रस मद्यार्कासाठी आणि उरलेला चोथा गुरांना. म्हणजे एका पिकात अन्न, इंधन आणि वैरण अशी तिन्ही कामे साधतात. त्या मद्यार्कात निम्मे पाणी असले तरी चालेल असा स्टोव्हही तेथे तयार करण्यात आला. राजवंशी यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

याच फलटणच्या संस्थेत काही काळ काम केलेले डॉ. आनंद कर्वे यांनी पुढे १९९६ साली पुण्यात ग्रामीण तंत्रज्ञानाची एक संस्था उभी केली. उसाचे पाचट शेतात पेटवून देण्याची आपली रीत सर्वांना ठाऊक आहे. एका हेक्टरात सुमारे दहा टन पाचट निघते, ते एका रात्रीत जळून जाते आणि सकाळी हाती राखच राहते. कर्वे यांच्या संस्थेने ते पाचट बंद पिंपात, हवा लागू न देता, भाजून त्याचा कोळसा करण्याची भट्टी बसवली. या कामाला २००२ साली इंग्लंडमधील ॲश्डेन पुरस्कार मिळाला. २००६ साली त्याच संस्थेला तोच पुरस्कार पुन्हा मिळाला, तो एका लहान गॅससंयंत्राबद्दल. त्यामागचा विचार मोठा सुटसुटीत आहे. शेण हे जनावराने एकदा पचवलेले अन्न असते. त्यातील बराचसा कस आधीच गेलेला असतो. म्हणून शेणावर चालणाऱ्या संयंत्राला दररोज पाट्या भरभरून शेण घालावे लागते आणि ते कुजायला महिना-सव्वा महिना जातो. त्याऐवजी शिळी भाकरी, भाताचे खरकटे, किडके धान्य असे पिष्टमय पदार्थ घातले, तर एकदोन किलोंवर भागते आणि गॅसही लवकर मिळतो. ज्या शहरी घरात गाय नाही, त्यालाही गॅसचे संयंत्र ठेवता येईल, अशी सोय या शोधाने झाली.

आता प्रश्न असा, की साताऱ्या-सांगलीतल्या किती घरांना या गोष्टींची माहिती आहे? पुरस्काराची बातमी वाचलेली असते. पण यंत्र चालताना पाहिलेले नसते. आणि न पाहिलेल्या यंत्रावर कोणी पैसा घालत नाही. यात लोकांचा दोष नाही. आपल्याकडचा शेतकरी खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या यात्रेत बैल घ्यायला जातो, तेव्हा तो आधी दात पाहतो, मग चालवून पाहतो, खांद्यावर हात फिरवतो, आणि मागच्या वर्षी त्याच दावणीचा बैल नेलेल्या माणसाला हळूच विचारून येतो. त्यानंतर रुमालाखाली बोटे जुळतात. हजारो रुपयांचा व्यवहार असा डोळसपणे करणाऱ्या माणसाने सौरपंपाची निवड मात्र एखाद्या छापील चिठोऱ्यावरून करावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. यंत्राचेही दात पाहता आले पाहिजेत.

ते न पाहता आल्यास काय होते, याचे उदाहरण सबंध देशाने अनुभवले आहे. १९८३ पासून सरकारने सुधारित चुलींचा कार्यक्रम हाती घेतला. उद्देश उत्तम होता: बायकांच्या डोळ्यांतला धूर जावा आणि जळण वाचावे. २००२ साली तो कार्यक्रम आवरता घेतला, तोवर सुमारे साडेतीन कोटी चुली वाटल्या गेल्या होत्या. पण त्यांतल्या फार मोठ्या संख्येने चुली लवकरच मोडीत निघाल्या किंवा वापराबाहेर गेल्या. कारणे शोधायला फार लांब जायला नको. जळण वाचावे म्हणून चुलीचे तोंड लहान आणि बंदिस्त केले, की तव्यावरून उतरलेली भाकरी जाळापुढे उभी करून फुगवायची कोठे, हा प्रश्न उभा राहतो. धुराडे काजळीने भरले तर ते कोणी झाडायचे? भांडे मोठे असले तर काय करायचे? हे प्रश्न कोणत्याही गृहिणीने पहिल्याच दिवशी विचारले असते. परंतु चूल आखणारा आणि चुलीपुढे बसणारी यांची भेट बहुतेक ठिकाणी झालीच नाही. चूल गेली ती शास्त्र खोटे होते म्हणून नव्हे. तिला विचारणारे कोणी नव्हते म्हणून.

याच्या उलट उदाहरण आपल्या सांगली जिल्ह्यातच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी लोकांची समजूत होती, आणि पहिले नांगर बरेच दिवस तसेच पडून राहिले असे सांगतात. पुढे १९१० साली, औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिल्यावर, कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. नांगर खपू लागला तो शेतकऱ्याच्या रानात, त्याच्या डोळ्यांदेखत चालून दाखवला गेला तेव्हा. इतकेच करून ते थांबले नाहीत. १९२० साली त्या कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघू लागले. मराठी वाचकाला पुढे ते वेगळ्याच थोरवीने परिचित झाले. परंतु त्याचा आरंभ माल करणारा आणि माल घेणारा यांच्यात बोलणे चालू राहावे एवढ्या साध्या गरजेतून झाला होता. आज ज्याला ओळखींचा मेळावा म्हणतात, त्याचे काम तेव्हा एका मासिकाने केले.

पवनचक्क्यांच्या बाबतीत हे बोलणे झाले नाही. १९९० नंतरच्या काळात या यंत्रांवर गुंतवलेल्या भांडवलास करात मोठी सूट मिळत असे. त्यामुळे पुष्कळ चक्क्यांचे मालक दूरच्या शहरांतले होते. पठार आमचे, वारा आमचा, आणि त्यात आमचा वाटा किती, हा प्रश्न गावाने विचारला तो चक्की उभी राहिल्यानंतर. त्यावरून या भागात आंदोलने झाली. वाऱ्याची वीज वाईट असे यावरून कोणी म्हणणार नाही. परंतु जो प्रश्न आधी विचारला असता तर करार झाला असता, तोच नंतर विचारल्याने भांडण झाले, हे मान्य करावे लागेल. त्याच पाटण तालुक्यातील मान्याचीवाडीचे उदाहरण याशेजारी ठेवून पाहावे. सुमारे शंभर घरांचे हे गाव २०२४ साली राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. तेथे वीज घरांच्या छपरांवरच तयार होते; तिच्या लाभाविषयी गावाला कोणाच्या दारी जाऊन विचारावे लागत नाही.

तेव्हा आमची सूचना अशी आहे. ऊर्जेचे मेळावे आपल्याकडे भरावेत, आणि त्यांसाठी नवे मांडव घालण्याचीही गरज नाही. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. कऱ्हाडला दरवर्षी नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाणांच्या नावाने शेतीचे प्रदर्शन भरते. लोक तेथे आपण होऊन जातात. त्याच ठिकाणी ऊर्जेच्या यंत्रांची एक रांग असावी. मात्र तिला काही नियम असावेत. यंत्र झाकून ठेवलेले नसावे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालते असावे. यंत्र करणाऱ्याच्या शेजारी ते वर्षभर वापरलेला माणूस उभा असावा, आणि बोलण्याचा पहिला मान त्याचा असावा. तिसरी जागा मिस्त्रीची. सौरपंपाचा नियंत्रक बिघडला तर विट्यात किंवा दहिवडीत तो कोण दुरुस्त करील, याचे उत्तर नसेल तर यंत्र कितीही चांगले असो, ते एका पावसाळ्याचे सोबती. चौथा अधिकारी. गोड ज्वारीच्या मद्यार्कावरचा स्टोव्ह पेटायला काडी लागते त्याआधी अबकारी खात्याचा परवाना लागतो, हे संशोधकाला एकट्याने सुटणारे कोडे नाही. आणि पाचवा, कर्ज देणारा. प्रत्येक यंत्रापुढे एका फळ्यावर किंमत, वर्षाचा खर्च, किती वर्षांत पैसे फिटतात आणि कोणता भाग आधी झिजतो, एवढे चार आकडे खडूने लिहिलेले असावेत. फसलेल्या यंत्रांचीही एक जागा तेथे असावी. ती सर्वांत अधिक शिकवील.

हे काम व्याख्यानमालेचे नव्हे, असे कोणी म्हणेल. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्याच रानड्यांच्या पुढाकाराने १८९० साली पुण्यात औद्योगिक परिषदही भरली. विचार ऐकण्याची जागा आणि यंत्र पारखण्याची जागा यांच्यात त्यांना विरोध दिसला नाही. आपण त्याच परंपरेने येथे जमतो. तेव्हा निदान एवढे करावे: पुढच्या वर्षी ऊर्जेवर बोलायला जो वक्ता येईल, त्याने आपले यंत्र बरोबर आणावे, ते सभागृहाबाहेर चालू ठेवावे, आणि व्याख्यानानंतरचा एक तास प्रश्नांसाठी मोकळा असावा. पहिला प्रश्न आटपाडीच्या शेतकऱ्याने विचारावा. वरचा हिशेब त्याच्या हाती असेल. पाच किलोवॅटची सौर पटले दिवसाला सुमारे वीस युनिटे देतात. म्हणजे शंभर मीटर चढाच्या त्याच्या एका एकराच्या एका पाळीला पाच-सहा दिवस लागतील. ठिबकावर तेच पाणी किती दिवस पुरेल, आणि ढगाळ आठवड्यात काय करायचे? या दोन प्रश्नांना जो नीट उत्तर देईल, त्याच्या यंत्राला आपल्या भागात गिऱ्हाइकांची वाण पडणार नाही.