प्रो कबड्डीचं दार किती उघडं?

अंबरनाथ एमआयडीसीत पाळी संपवून संध्याकाळी मैदान गाठणाऱ्या मुलाला प्रो कबड्डीत जागा मिळू शकते का? शक्य आहे, पण गणित कडक आहे.

लीगमध्ये १२ संघ. एका संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू, म्हणजे देशभरातून तीनशेच्या आत जागा. त्यातही काही परदेशी खेळाडूंच्या, काही आधीच कायम ठेवलेल्यांच्या. मॅटवर एका वेळी उतरतात फक्त सात.

वाटा दोन. पहिली नेहमीची: स्थानिक मंडळ, जिल्हा निवड चाचणी, राज्य अजिंक्यपद, राष्ट्रीय स्पर्धा, मग लिलाव. दुसरी, लिलावाबाहेर नवोदित तरुणांना थेट करारबद्ध करण्याची.

उशिरा नजरेत भरलेल्यांचं ठळक उदाहरण म्हणजे चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई. २०१८च्या लिलावात यू मुंबाने त्याला ३६.४ लाखांना घेतलं. पहिल्याच हंगामात त्याने चढाईत दोनशेहून अधिक गुण मिळवले आणि २०१९मध्ये तेलुगू टायटन्सने १.४५ कोटी मोजले.

निवड करणारे नुसते गुण मोजत नाहीत. दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर खेळाडू बाद. त्या तीस सेकंदांत डोकं शांत राहतं का, हे ते पाहतात. चढाईपटूंची गर्दी असते. भरवशाचा कोपरारक्षक मात्र सगळ्यांनाच हवा असतो.

म्हणून मातीवरच्या मुलांनी मॅटचा सराव करावा, जिल्हा चाचणी चुकवू नये आणि हातातली नोकरी घाईने सोडू नये.